पक्षकार आजारी नव्हत्या

"मावशी, तुमचा दावा डिसमिस झाला," मी म्हणालो आणि पाण्याचा ग्लास स्वतःकडेच ओढला.

वत्सलाबाई माझ्या अकोल्याच्या ऑफिसात समोर बसल्या होत्या. हिवरखेडला त्यांचं चार एकर वावर. तिथं जायला एकच वाट, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. त्यानं ती अडवू नये म्हणून तेल्हाऱ्याच्या कोर्टाचा स्टे होता. दावा गेला, स्टेही गेला. कपाशी वेचणीला आलेली आणि शेजारी तारेचं कुंपण घेऊन तयारच!

चूक शंभर टक्के माझी. तारीख डायरीत भलत्याच पानावर लिहिली आणि त्या दिवशी मी अमरावतीला दुसऱ्या केसमध्ये उभा. 'तुम्ही येऊ नका, मी आहे ना,' हेही मीच सांगितलेलं. दोघंही गैरहजर, मग कोर्ट काय करणार?

अशा वेळी दावा पुन्हा चालू करायचा अर्ज देतात. सोबत पक्षकाराचं शपथपत्र, 'मी आजारी होते.' सगळेच देतात. मी टाइप करून ठेवलेलं वाचून दाखवलं.

"आजारी कोन होतं?"

"तसं लिहावं लागतं, मावशी."

"मी तं वावरात निंदून राहिली होती. साऱ्या गावानं पायलं. वकिलापाशी खोटं बोलू नका, हे तुमीच म्हणलं ना? मंग वकिलानं जजापाशी बोलावं काय?"

माझे कान तापले. "मग काय लिहू?"

"जे झालं ते. तुमच्या नावानं."

लिहिलं, बापा. जजसाहेबांनी भर कोर्टात ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजाऱ्याचा वकील उठला, हातातले फोटो परत फाइलमध्ये ठेवले आणि बसला. नंतर कळलं, फोटोत त्या तारखेच्या वत्सलाबाई होत्या, वावरात तण निंदताना. 'आजारी' लिहिलं असतं, तर वाट कायमची गेली असती!

दावा चालू झाला, स्टे मिळाला. कापूस त्याच वाटेनं घरी आला. या बाईपुढे मी खरंच थक्क झालो होतो.

"फाइल दुसऱ्या वकिलाकडे द्यायची का?" मी विचारलं.

"कावून द्याची? आता तुमी माही तारीख जन्मात विसरत नाई."

नाहीच विसरलो. वकिलावर भरवसा जरूर ठेवावा, पण तारखेला आपणही जावं. वत्सलाबाई आता दर तारखेला माझ्या आधी कोर्टात बसलेल्या असतात.