पॅसेजमधला उजेड

माझे मामा पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. "लोकांच्या आयुष्यात चढउतार येतात, माझ्या आयुष्यात दुसरं काही आलंच नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी तो केला. कुणी हसलं नाही, एकटी मामी हसली. तिनं तो निदान हजार वेळा ऐकला असेल.

मामी दोरे-बटणांच्या दुकानात काउंटरवर असायची. कापडाचा नखाएवढा तुकडा पुढे केला की ती एकदाच बघायची आणि मागच्या शेकडो रिळांमधून नेमकं रीळ काढून ठेवायची. अमसुली मागितलं आणि डाळिंबी दिलं, असं तिच्या हातून कधी झालं नाही. मामांना मात्र लाल म्हणजे लाल आणि निळा म्हणजे निळा. "वायरींचं पाच रंगांत भागतं," ते म्हणायचे. "मग वायरीशीच लग्न करायचं होतंत," असं मामीचं उत्तर.

मामीला आधी अंधारात दिसेनासं झालं. तिला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदाच हळूहळू निकामी होतोय. अंधारातलं गेलंच आहे, आता कडेचं जाईल, मग नळीतून बघितल्यासारखं थोडं उरेल. तेही किती दिवस, सांगता येत नाही. औषध नाही. मामीनं दुकान सोडलं. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले.

त्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एक अरुंद पॅसेज आहे. खिडकी नाही, भर दुपारीही काळोख, आणि बटण नेमकं दुसऱ्या टोकाला. एका संध्याकाळी मामी तिथे स्टुलाला अडखळून पडली आणि मनगट मोडून बसली. मामांनी प्लॅस्टरमधला हात बघितला. दुसऱ्या दिवशी बाजारातून एलईडीची पाच मीटर पट्टी घेऊन आले.

मी दर शनिवारी त्यांच्याकडे जायची. माझा जुना लॅपटॉप मीच त्यांना दिला. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मामांनी बळकावला होता. तिथे बसून ते व्हिडिओ बघायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि व्हिडिओतल्या माणसाशी भांडायचे. "रिले मला शिकवू नकोस रे, तुझ्या वयाएवढी वर्षं मी लिफ्टचे रिले साफ केलेत." पण पट्टी चालवणाऱ्या अंगठ्याएवढ्या बोर्डाला काय करायचं ते कोडच्या ओळी लिहून सांगायचं, हे त्यांना नवीन होतं. एक कंस राहिला तर अख्खा दिवस वाया जायचा. पहिल्यांदा पट्टी जोडली तेव्हा उलटसुलट वायरी लागल्या आणि धूर निघाला.

"पडदे पेटलेत का?" मामीनं आतून विचारलं.

"नाही गं."

"मग चालू द्या."

दोन महिन्यांनी पॅसेज तयार झाला. भिंतीच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंनी पट्टी, आणि टोकांना माणसाची हालचाल ओळखणारे सेन्सर. पाऊल टाकलं की घोट्याच्या उंचीवर उजेड लागायचा, चालणाऱ्याच्या पुढेपुढे जायचा आणि मागचा विझत यायचा. मामी पहिल्यांदा त्यातून चालली तेव्हा मामा टोकाला उभे होते, लिफ्टचं दार उघडायची वाट बघत असल्यासारखे.

"पांढरा फार आहे," मामी म्हणाली. "डोळ्यांत टोचतो. जरा सायीसारखा करा."

"साय म्हणजे पिवळा?"

"पिवळा म्हणजे पिवळा. साय म्हणजे साय."

तीन दिवस आकडे कमीजास्त करत मामांनी साय आणली. मग त्यांना नादच लागला. ओट्याची कड उजळली, दारांच्या चौकटी उजळल्या, कपाट उघडलं की आतून दिवा लागायला लागला. नळाचं पाणी जास्त गरम असलं तर मोरीतली पट्टी लाल व्हायची. "घर आहे की विमानतळ?" असं मी म्हणाले, तर मामांना ती शाबासकीच वाटली. अशी दोनेक वर्षं गेली.

मामी हळूहळू पेपर वाचेनाशी झाली. "तुम्हीच वाचा ना, तुमच्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात." कपात चहा ओतताना तिचं बोट काठावर असायचं. रंगांवरून ती टोकायची तेही थांबलं. मामांना वाटलं, आता सगळं तिच्या मनासारखं जमलंय.

एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. पॅसेजचा बोर्ड मामांनी सकाळीच काढून आणला होता आणि एक सुटलेला सांधा ते डाग देऊन जोडत होते. पॅसेजमध्ये मिट्ट काळोख होता. खोलीचं दार वाजलं. मामी त्या काळोखातून सरळ चालत आली, एक हात भिंतीला जेमतेम टेकवून, आणि आमच्यापुढे येऊन म्हणाली, "आज उजेड छान केलाय हो. असाच राहू दे."

मामांच्या हातातली सोल्डरिंगची कांडी तशीच राहिली. मी तोंड उघडलं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"कशाला किती दिवस?"

"दिवे बंद आहेत गं. बोर्ड माझ्या हातात आहे."

मामीनं खुर्चीची पाठ चाचपली आणि बसली. "मागच्या थंडीपासून," ती म्हणाली. म्हणजे आठ महिने.

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सकाळी उठून शीळ घालत या टेबलाशी बसता. इतक्या वर्षांच्या संसारात तुमची शीळ मी कधी ऐकली नव्हती. काय सांगायचं तुम्हाला?"

मामांनी कांडी स्टँडमध्ये ठेवली, प्लग काढला आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले. मी मागोमाग गेले.

"तिनं शेवटचं काय बघितलं असेल गं?" ते म्हणाले. "मी समोर होतो की नव्हतो, तेही मला माहीत नाही. बहुतेक पाठ करून बसलो असेन. काहीतरी जोडत."

त्यानंतर कित्येक आठवडे ते टेबल रिकामं होतं. मामा पट्ट्या उखडायला निघाले होते, मामीनं हात धरला. "राहू द्या. तुम्हाला लागतात." मामा दिवसभर तिच्या आसपास नुसते घुटमळायचे. मामीनं एकदा मला हळूच सांगितलं, "रंग स्वप्नात येतात गं. पण ते जुनेच. नवीन एकही येत नाही."

एका संध्याकाळी ती खिडकीशी बसली होती.

"सूर्य मावळला का?"

"मावळला," मामा म्हणाले.

"कसा होता?"

"कसा म्हणजे? लाल."

ती काही बोलली नाही. पूर्वीची मामी असती तर त्यांची कंबख्ती भरली असती. "ती नुसती हं म्हणाली असती तरी चाललं असतं," मामा मला म्हणाले.

दुसऱ्या सोमवारी ते पुन्हा टेबलाशी बसले. आठवड्याभरात काडेपेटीएवढी एक डबी तयार झाली. पुढे बटणाएवढा प्रकाशाचा सेन्सर, आत बझर. उजेड जास्त असेल तर बारीक, उंच आवाज, कमी होईल तसा तो खाली खाली उतरणारा. मामीनं ती तळहातावर घेऊन खिडकीकडे धरली. डबी चिलटासारखी गुणगुणायला लागली. मग ऊन कलत गेलं तसा आवाज जाड होत गेला. मध्येच तो एकदम पडला.

"सरका हो बाजूला. मावळतीपुढे उभे राहू नका."

मामा हसत सरकले. कित्येक आठवड्यांनी ते हसले होते. आवाज अगदी संपेपर्यंत मामी हलली नाही. मग म्हणाली, "संध्याकाळ झालेली कळली. पण नुसता उजेड गेला. रंग कुठे आहेत त्यात?"

बझरमधून रंग काढणं मामांना जमण्यासारखं नव्हतं. ते उठून मामीच्या जुन्या दुकानात गेले आणि मालकांकडून दोऱ्यांचं शेडकार्ड मागून आणलं. जाड पुठ्ठ्यावर दोऱ्यांचे बोटभर तुकडे, खाली बारीक अक्षरात नावं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मामी डबी धरून बसते आणि मामा पुठ्ठा खिडकीबाहेर धरून आकाशाशी दोरा जुळवतात.

"आता शेंदरी," ते म्हणतात.

"इतक्यात? आवाज अजून चढा आहे. नीट बघा."

"मग केशरी आणि अबोलीच्या मधला."

"मधला काय? जर्दाळू म्हणतात त्याला. आणि वर, ढगाच्या कडेला?"

"राखाडी."

"राखाडी किती प्रकारचा असतो ठाऊक आहे?"

मामांना आता चौदा माहीत आहेत. तरी चुकतात. मामी म्हणते, त्यांच्या आकाशात राणी कलर जरा जास्तच असतो.

मागच्या शनिवारी गेले तर मामा घरातच गुळगुळीत दाढी करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. आपलं उगाच."

मामी आत भाजी निवडत होती. मामा आवाज खाली आणून म्हणाले, "रोजच घालतो. वेडेपणा आहे. पण चहा घेताना कधीतरी ती मान वर करून बघेल असं वाटतंच गं. सवय आहे ती, जात नाही." मग त्यांनी कॉलर उगाच नीट केली.

मामी पदराला हात पुसत बाहेर आली. चालत येऊन तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कापड दोन बोटांत धरून बघितलं.

"हा कुठला? नवा लागतोय हाताला."

"परवा घेतला."

"रंग?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं. "मोरपंखी," ते म्हणाले. "निळ्याकडे झुकणारा. पण उजेडात गेलं की हिरवा निघतो."

"तुम्ही? आणि मोरपंखी?" मामी म्हणाली. तिला हसू आवरेना. हसून झालं तरी तिनं हात काढला नाही. शर्टाच्या बाहीवरून ती तो सावकाश खाली नेत राहिली, मनगटापर्यंत, आणि तिथून पुन्हा वर.