मी गाळायला लावलेली ओळ

माझी नात घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. सात रस्ता चौकाच्या मागच्या बाजूला आम्ही दोघीच राहतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, तिचं काम मला करता येणार नाही, पण ती सांगते आणि मी भाजी निवडत ऐकते.

ती ज्या भाषेत लिहिते तिच्यात मशीनला आधी हे कर, मग ते कर असं सांगायचं नसतं. काय खरं आहे आणि कशावरून काय ठरतं एवढं सांगायचं, मग प्रश्न विचारायचा. उत्तर मशीन शोधतं. त्यात काही किरकोळ कामं सगळ्यांनाच लागतात. यादी उलटी करणं, दोनदा आलेलं नाव काढून टाकणं, तारखा लावणं. ती दर वेळी नव्यानं लिहायला नकोत म्हणून तिनं दोन वर्षं खपून ती एका जागी करून ठेवली. प्रत्येकाखाली ते कसं वापरायचं तेही साध्या मराठीत लिहिलं. आणि हे सगळं ती इंटरनेटवर ठेवणार होती, कुणीही उचलावं म्हणून.

मला ते पटलं नाही. आमच्यात शेंगाची चटणी कशी केली विचारलं तर सांगतात, पण एखादी गोष्ट पोटात ठेवतात. माझ्या सासूनं मलासुद्धा चार वर्षं सगळं सांगितलं नव्हतं. चटणी बिघडली की बाई परत दारात येते, विचारते, आपला मान राहतो.

"सगळं देऊन बसलीस तर तुला कोण विचारतंय?" मी म्हणाले. "एक कायतरी ठेव की मागं."

"आज्जी, ही चटणी न्हाय."

"व्हय, न्हायच. चटणीला निदान लोक चांगली झाली म्हणतात. तुझ्या कामाला म्हणलंय का कुणी आजवर?"

तिला ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. आधी एकदा तिचं काम तिच्याबरोबरच्या एकानं आपलंच म्हणून दाखवलं होतं, हे मला माहीत होतं. मग तिनं एक ओळ मला वाचून दाखवली. दुहेरी नावं काढायच्या आधी यादी क्रमानं लावून घ्या, नाहीतर लांब लांब पडलेली नावं तशीच राहतील, अशी ती ओळ होती. "ही काढू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, काढ, एवढी बास.

तिनं ती काढली आणि बाकी सगळं इंटरनेटवर ठेवलं. दोनेक महिन्यांनी एका सकाळी फोन आला. सांगोल्याकडच्या कॉलेजात शिकवणारी बाई होती. नातीचे हात कणकेचे होते म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमचंच वापरतोय आम्ही, लई उपयोग झाला," बाई म्हणाली. "फक्त टँकर मागणाऱ्या गावांच्या यादीत तेच गाव दोनदा येतंय. आठ दिवस झाले. एका मुलीला मी वर्गात सगळ्यांसमोर बोलले, नीट वाचायला नको का म्हणून. ती रडली, आता वर्गात येईना झालीय. काल मी स्वतः करून बघितलं, तर माझंही तसंच. आमचं कुठं चुकतंय तेवढं सांगा की."

मी म्हणाले होते तसंच झालं होतं, विचारायला आले होते. मला मान वर करवेना. ओळ चुकून राहिली म्हण, असं मी नातीला हातानं खुणावलंसुद्धा. त्याची लाज मला अजून वाटते, पहिल्या गोष्टीपेक्षा जास्त.

"तुमचं काहीच चुकलं नाही," नात म्हणाली. "तिथं एक ओळ होती. लोकांनी मला विचारावं म्हणून मी मुद्दाम काढली."

पलीकडून बाई म्हणाली, "मुलींना काय सांगू?"

"हेच सांगा."

नातीनं हात धुतले, ओळ परत घातली आणि वर लिहिलं की ही आपण जाणूनबुजून काढली होती. मी म्हणाले, माझ्या आजीनं काढायला लावली असं लिही. ती म्हणाली, "ओळ पुसली ती मीच, आज्जी." माझा उल्लेख तिनं कुठंच केला नाही. त्याखाली एकानं लिहिलं की आता हिचं सगळंच तपासून घ्यावं लागेल. तेही तिनं मला वाचून दाखवलं. मी ऐकून घेतलं.

महिन्यानं त्या बाईचा परत फोन येऊन गेला तेव्हा मी नातीला त्या मुलीचं विचारलं. नात म्हणाली, येते वर्गात. पण आपण ठेवलेलं काही वापरत नाही, सगळं स्वतःचं स्वतः लिहिते.

"बरोबर हाय तिचं," मी म्हणाले.