एकदोनचं तीन

आमच्या शाळेत सत्तावीस वर्षं माईक सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे 'एकदोन' म्हणत. समारंभाआधी ते माईकसमोर उभे राहत, "एक" म्हणत, थोडं थांबून "दोन" म्हणत आणि मग मान तिरकी करून ऐकत. आवाज मनासारखा लागला तरच "तीन". नाहीतर पुन्हा वायरींकडे. इतर माईकवाले एका दमात दहापर्यंत जातात. यांचं तीन म्हणजे पास झाल्याचा शिक्का असे.

एकदा बक्षीस समारंभाचे पाहुणे भाषणाचा कागद हातात धरून अकरा मिनिटं व्यासपीठावर उभे होते. मुख्याध्यापक दातओठ खात पुटपुटले, "म्हणा की आता तीन."

"साहेब, म्हणायला काय, शंभर म्हणतो," एकदोन शांतपणे म्हणाले. "पण 'स' नीट लागत नाहीये. पाहुणे 'स्नेही' म्हणतील आणि मागच्या रांगेला 'थ्नेही' ऐकू जाईल."

पाहुण्यांनी कागदात पाहिलं. पहिलाच शब्द 'स्नेही' होता. ते मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले.

खरं तर एकदोन प्रयोगशाळेत साहाय्यक होते, माईक हे वरचं काम. पण माणूस सगळा कानातच राहायचा. जिन्यावरच्या चपलांवरून कोण शिक्षक येतोय ते सांगायचे. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक स्टुलाच्या पायांना त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून टोप्या घातल्या होत्या. मला एकदा म्हणाले, "बाई, तुमचा खडू सहावीत किंचाळतो, सातवीत नाही. दोष खडूचा नाही, फळ्याचा आहे." मी सातवीच्या फळ्यावर तोच खडू घासून पाहिला. खरंच होतं. स्वतः मात्र सगळ्या शाळेत हळू बोलणारे तेच.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. एका बुधवारी दुपारी त्यांची मुलगी माझ्या दारात आली.

"बाई, जरा घरी याल का? बाबा परीक्षा घेतायत."

"कुणाची गं?"

"मिक्सरची."

"भांडं घट्ट बसतं ना? झाकणातून उडत असेल तर सरळ परत कर."

ती दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. "स्वयंपाकघरातला नाही हो बाई, गाण्यांचा."

मग तिने वाटेत समजावून सांगितलं. पोरीचं बोलणं आधीपासून नेटकं. एक गाणं संपत आलं की दुसरं त्याच्या खालून हळूच वर आणायचं, नाचणाऱ्यांचा पाय कुठे अडखळू द्यायचा नाही, त्यासाठी ही पेटी. एरवी ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. जमलेल्या मैत्रिणींसाठी गाणी वाजवता वाजवता हात बसला. आता तरणतलावाजवळच्या सभागृहात दर शनिवारी चार ते सहा निवृत्त मंडळी नाचायला जमतात, त्यांचा गाणी लावणारा गाव सोडून गेला होता. तिथले व्यवस्थापक म्हणाले होते, या शनिवारी तू येऊन वाजव, जमलं तर दर शनिवार तुझा.

"मग अडलं कुठे?"

"स्पीकर बाबांचे आहेत. आणि बाबांनी तीन म्हटल्याशिवाय ते घराबाहेर जात नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही समोर असलात की ते जरा वळणावर असतात."

ते स्पीकर मला माहीत होते. एकदोनांनी स्वतः लाकूड कापून केलेले, माझ्या खांद्याएवढे दोन खोके. घरात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. शाळेची सगळी संमेलनं त्यांच्यावर झाली.

वरच्या खोलीत टेबलावर एक टॉवेल अंथरला होता आणि त्यावर तो मिक्सर. आमच्या शब्दकोशापेक्षा थोडा लहान, काळा, बटणांनी भरलेला. शेजारी एकदोनांचा जुना मिक्सर, लोखंडी, उचलायला दोन माणसं लागतात असा. दाराशी एकदोनांची बायको मटार सोलत बसली होती.

"या बाई," ती म्हणाली. "बघा, मुलगी बघायला आल्यासारखे बसलेत. अजून चालून दाखव एवढंच म्हणायचे राहिलेत."

एकदोनांनी मिक्सर तळहातावर तोलला. "वजनच नाही."

"अहो, मूर्ती लहान पण कीर्ती महान असेल," बायको म्हणाली.

"कीर्तीचं नंतर बघू. टेबलावरून वायर ओढली गेली तर ही मूर्ती आधी खाली येईल."

"म्हणून खाली रबर लावलंय," मुलगी म्हणाली. "ओढून बघा."

त्यांनी वायर ओढली. टॉवेल सरकला, मिक्सर टॉवेलसकट सरकला. टॉवेल काढून पुन्हा ओढली. जागचा हलला नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग पेटी उलटी करून कानाशी धरून हलवली, खरबूज पारखावं तशी. आत काही खुळखुळलं नाही. प्रत्येक बटण चिमटीत धरून डगडगवून पाहिलं. वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्यांना फेडर म्हणतात. ते त्यांनी डोळे मिटून चाळीसेक वेळा सरकवले. "हे बरे आहेत," ते जरा नाइलाजाने म्हणाले. "लोण्यातून सुरी जाते. पण ही बाजूची लाल बटणं खेळण्यातली आहेत. वर्षभरात पिचतील."

"ती मी वापरतच नाही."

"मग दिलीत कशाला?"

"बाबा, तुमच्या मिक्सरवर सोळा बटणं आहेत, त्यातली नऊ तुम्ही चिकटपट्टी लावून बंद केलीत."

मटार सोलणारे हात थांबले आणि दारातून एक खुसखुस ऐकू आली.

पुढची परीक्षा वापराची. तोच टॉवेल त्यांनी मिक्सरवर पांघरला. "गाणी लावणाऱ्याने माणसांकडे बघायचं, पेटीकडे नाही. आता न बघता दुसऱ्या गाण्याचा खालचा आवाज कमी करून दाखव." आधी त्यांनी स्वतः हात घातला आणि एका बोटाने दोन बटणं फिरवून बसले. "फार जवळजवळ आहेत. माणसाच्या बोटांसाठी केलेलंच नाही हे."

मुलीने हात घातला आणि क्षणात नेमकं बटण फिरवलं. भिंगांचे स्क्रू बसवणारी बोटं ती. टॉवेल काढल्यावर मला दिसलं, मधल्या बटणांवर तिने नेलपॉलिशचा एकेक थेंब वाळवून उंचवटा केला होता.

"कॉपी," एकदोन म्हणाले.

"तयारी," मी म्हणाले. इतक्या वेळात मी बोललेला तेवढाच शब्द.

मग आवाज. एकदोनांची परीक्षेची टेप शाळेतही प्रसिद्ध होती. तिच्यात गाणं नाही, त्यांच्या बायकोचा आवाज आहे. "साबण, सुया, भोपळा, बटाटे, फडकं, शिसपेन्सिल." 'स' शिट्टी वाजवतो का, 'भ' आणि 'फ' धडकतात का, सगळं त्यात कळतं. ते म्हणायचे, हा आवाज मी सगळ्या ऋतूंत ऐकलाय, यात फरक पडला तर दोष यंत्राचा.

थोरला आणि धाकटा भिंतीशी उभे होते. मुलीने जुन्या मिक्सरच्या वायरी काढून नव्याला जोडल्या. तीस वर्षांपूर्वीची ती बाई खोलीत साबण, सुया म्हणू लागली, आणि आत्ताची दारातून म्हणाली, "तेव्हापासून सांगतेय, भोपळा काढा त्यातून."

आवाज स्वच्छ होता. मलाही कळण्याइतका. पण 'शिसपेन्सिल' संपली आणि शांततेत एक भुणभुण राहिली. खोलीत बंद खिडकीवर माशी असावी तशी.

एकदोनांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला समाधान म्हणायला मला जड जातं, पण दुसरा शब्द नाही. त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. भुणभुण जवळजवळ थांबली. उचलला, सुरू. ठेवला, गप्प.

"घ्या. डोक्यावर हात ठेवून बसलं तरच गप्प बसणारं पोर. दोन तास हिच्यावर हात ठेवून बसणार आहेस का? हे सभागृहात न्यायचं नाही. स्पीकर राहू देत घरी."

मुलीचा चेहरा उतरला. शनिवार तीन दिवसांवर होता. ती जुन्या मिक्सरकडे बघत राहिली. तो नेता आला असता, पण तो शाळेच्या समारंभांसाठी. त्यावर गाण्याखालून गाणं आणता येत नाही. मला वाटलं आता ती रडेल. पण ती रडली नाही. टेबलाखाली वाकली.

"बाबा, हात लावल्यावर आवाज थांबतो म्हणजे काय?"

"म्हणजे अर्थिंग नाही. दुसरीत असताना शिकवलंय तुला."

"मग हे घ्या. तुमच्या जुन्या मिक्सरची तीन पिनांची वायर थेट भिंतीत जाते. माझ्या मिक्सरला दोन पिनांचा ॲडाप्टर, त्याला अर्थिंग नसतंच. आणि ॲम्प्लिफायर कशावर आहे?"

एकदोन टॉवेलची घडी घालू लागले. स्पीकरांना ताकद देणारा तो ॲम्प्लिफायर त्यांच्या एक्स्टेंशन बोर्डवर होता. सागवानी फळीचा, पितळी स्क्रूंचा, लग्नाच्या वर्षी हाताने केलेला. त्यांच्या घरात त्या बोर्डविषयी शंका घेणं म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांविषयी शंका घेणं. इतरांच्या वायरींवर त्यांनी आयुष्यभर शेरे मारले, पण आपला तो बाब्या.

"बोर्ड ठीक आहे," ते म्हणाले.

"उघडून बघूया."

"ठीक असलेलं उघडायचं कशाला?"

"अहो," बायको सोललेल्या मटारांचं ताट बाजूला ठेवत म्हणाली, "शाळेत पाहुण्यांना अकरा मिनिटं उभं केलंत. पोरीसाठी चार स्क्रू काढा."

त्यांनी चार स्क्रू काढले. फळी उलटी केली. हिरवी वायर तिच्या जागेपासून बोटभर दूर, स्वस्थ लोळत पडली होती. टोकावर जुना, हिरवट पडलेला तांब्याचा गुच्छ. कधी सुटली कोण जाणे. इतकी वर्षं तो जड मिक्सर भिंतीतून आपलं अर्थिंग आणून सगळ्यांना पुरवत होता आणि बोर्डाची चूक निमूटपणे झाकत होता. नव्या हलक्या पेटीला तेवढं झाकता आलं नाही.

"दिव्याखाली अंधार," एकदोन फळीकडे बघत म्हणाले. मग मला म्हणाले, "बाई, हे शाळेत सांगू नका." आम्हाला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

वायर बसवायला पाच मिनिटं लागली. स्क्रूड्रायव्हर त्यांनी धरला, वायर मुलीने. टेप पुन्हा लागली, संपली, आणि मागे काहीच उरलं नाही. एकदोनांनी माईक घेतला. "एक." थांबले. "दोन." मान तिरकी झाली. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते उघडलं, मिटलं.

"खोलीत काय, खोलीत कुणीही पास होतं," ते म्हणाले. "सभागृहात बघू. स्पीकर न्या."

तीन न ऐकता थोरला आणि धाकटा प्रथमच घराबाहेर पडले.

शनिवारी मी साडेतीनलाच गेले. सभागृहात क्लोरीनचा वास येत होता. नाचायला आलेली मंडळी भिंतीशी उभी राहून चपला बदलत होती. एका आजोबांनी पायाच्या नडगीला पट्टी बांधली होती आणि ते सगळ्यांना सांगत होते की हे नाचामुळे नाही. एकदोनांनी स्पीकर लावले, वायरी स्वतः अंथरल्या, बोर्ड दोनदा तपासला. मुलगी तिच्या काळ्या पेटीमागे उभी होती. चारला सात मिनिटं असताना ते माईकसमोर आले.

"एक."

व्यवस्थापकांनी घड्याळात पाहिलं.

"दोन."

एकदोन ऐकत राहिले. मग माईक मुलीच्या हातात दिला. "पुढचं तू म्हण. पेटी तुझी आहे."

मला वाटलं ती पटकन म्हणून मोकळी होईल. पण तिने मान तिरकी केली. अगदी तशीच. स्वतःच माईकमध्ये "एक" म्हटलं, "दोन" म्हटलं, आणि थांबली. मंडळी वाट बघत होती. चार वाजले.

"बाबा," ती म्हणाली, "धाकट्याचा खालचा स्क्रू सैल झालाय. 'दोन'ला थरथरतोय."

एकदोनांनी कान दिला. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून ते धाकट्यापाशी गेले आणि उकिडवे बसले.

"पोरी, म्हण ना तीन," नडगीवाले आजोबा म्हणाले. "आम्हाला काय कळतंय?"

"म्हणायला काय, आजोबा, शंभर म्हणते," ती म्हणाली.

स्पीकरमागून एकदोनांचं हसणं ऐकू आलं. त्यांना मोठ्याने हसताना मी शाळेच्या सत्तावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. चार वाजून तीन मिनिटांनी तिने तीन म्हटलं.