नखाएवढ्या चिपची वाटणी

माझ्या साडूइतका जागेचा लोभी माणूस चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडणार नाही. आणि गंमत म्हणजे त्याला हवी असलेली सगळी जागा करंगळीच्या नखावर मावते. अहेरीत त्याचं छोटंसं दुकान आहे. तिथे तो शेतात लावायच्या भोंग्याच्या पेट्या बनवतो. अशा पेटीच्या पोटात फ्लॅश मेमरीची चिप असते आणि तिचे कप्पे पाडणं हा त्याच्या आयुष्यातला एकमेव खरा आनंद. पहिला कप्पा बूटलोडरचा : पेटी सुरू झाली की आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. पुढचे दोन एकाच कामाचे. एकातला प्रोग्राम बिघडला, तर बूटलोडर दुसऱ्यातला चालू करतो. शेवटी थोडी जागा रिकामी, पुढेमागे लागेल म्हणून. ही शिस्त त्याने स्वयंपाकघरातही नेली. मिसळणाच्या डब्यातली एक वाटी तो कायम मोकळी ठेवायला लावायचा. एकदा मेहुणीने, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, तीत ओवा भरला, तर हा जेवता जेवता थांबला. "अवं, ते जागा पुढच्यासाठी ठेवली होती ना!" "पुढचं काय येऊन राह्यलं?" मेहुणी म्हणाली, "सवत?" वाटीत ओवाच राहिला.

एका दिवाळीत आम्ही सगळे नागभीडजवळच्या सासुरवाडीला जमलो होतो. हा ओसरीवर उभा राहून फोनवर कोणाशी तरी ओरडत होता, "पार्टिशन झाल्याशिवाय मी इथून हलत नाई! पयला हिस्सा लहान असला तरी चालते, पण त्याले कोणी हात नाई लावाचा!" आत मामाजींचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, घास हातातच राहिला. "मी जिता असताना वाटणी मागून राह्यला का हा?" त्यांनी मला विचारलं. चिप, कप्पे, बूटलोडर हे सगळं समजावता समजावता माझी भाजी थंड झाली. मामाजींनी मान हलवली खरी, पण संध्याकाळी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दाखवायला त्यांनी फक्त मला नेलं.

रुसलेल्या सासऱ्यांना खूश करण्यासाठी साडूने पुढच्या हंगामात त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटी बसवली. शेत जंगलाला लागून. रानडुकरं धान लोळवायची आणि अधूनमधून वाघही शेजारच्या पांदणीच्या वाटेने जायचा. जनावर हललं की पेटीने भोंग्यातून ओरडायचं, अशी योजना. आधी साडूने स्वतःचा आवाज भरला. तो इतका आर्जवी, की डुकरांना आमंत्रण वाटलं. ती कळपाने आली. मग एके दिवशी बायको आपल्याला रागावत असताना त्याने गुपचूप मोबाइल चालू ठेवला. त्यासाठी फार वाट बघावी लागली नाही. लवकरच धुऱ्यावर आवाज घुमू लागला, "कुठी उलथून राह्यले? घरी या आधी!" डुकरं पळालीच, शिवाय शेजारच्या शेतांतले पुरुषही वेळेवर घरी जाऊ लागले.

गावातल्या एका बाईने फोन करून कौतुक केलं, तेव्हा मेहुणीला हे कळलं. "मले डुकरायच्या मागं लावलं काऊन? आत्ताच्या आत्ता पुसा ते!" साडू पुसायला निघाला, मेहुणी अहेरीतच राहिली, गंमत बघायला मी सोबत गेलो. त्याने पहिल्या प्रोग्रामच्या जागी फटाक्यांच्या आवाजाचा नवा प्रोग्राम भरला. पण घाईत कप्प्याचा आकार लिहिताना एक शून्य कमी पडलं. प्रोग्राम मोठा, कप्पा लहान. शेपटाकडचा भाग आत गेलाच नाही. हे आमच्या लक्षातही आलं नाही, कारण सासूबाईंनी वडे तळायला घेतले होते आणि पेटी दिवस मावळताना आपोआप सुरू होणारी होती. दुसऱ्या प्रोग्रामच्या कप्प्यात मेहुणीचा आवाज तसाच होता; तो पुसायचं काम वड्यांनंतर ठेवलं.

आम्ही वडे खात होतो आणि मामाजी बांधीतलं पाणी काढून द्यायला एकटेच शेतात गेले होते. तिकडे पेटी सुरू झाली. बूटलोडरने नवा प्रोग्राम तपासला, तो अर्धवट निघाला, म्हणून त्याने दुसरा, जुना प्रोग्राम उठवला. तेवढ्यात पांदणीत काहीतरी हललं आणि भोंगा कडाडला, "कुठी उलथून राह्यले? घरी या आधी!" आवाज पुसल्याचं मामाजींना आम्हीच सांगितलं होतं. त्यांना वाटलं, लेकच आली. फावडं खांद्यावर टाकून ते लगबगीने घरी आले आणि अंगणातूनच विचारलं, "मोठी आली काय वं?"

कोणीच आलं नव्हतं. सकाळी आम्ही शेतावर गेलो, तर आदल्या संध्याकाळी मामाजी उभे होते त्या बांधीच्या कडेने चिखलात वाघाचे ताजे पंजे उमटले होते. साडू उकिडवा बसून पंजा वितीने मोजू लागला. मामाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा जवाईबापू," ते म्हणाले, "करा तुमचं पार्टिशन. मी नाई आडवा येत."

चुकलेलं शून्य साडूने दुरुस्त केलं, पेटी घराजवळच्या बांधीवर आणली; फटाके मात्र काढून टाकले आणि मेहुणीचा आवाजच ठेवला. ती विचारते तेव्हा तो पडेल चेहऱ्याने सांगतो, "तो कप्पा लॉक झाला. आता पुसताच येत नाई." हे धादांत खोटं आहे. पण मी कशाला बोलू? अहेरी लांब पडते, मेहुणीचं माहेरी येणं क्वचितच होतं.

परवा सासुरवाडीला गेलो होतो. धान कापून झालं होतं, बांध्या कोरड्या पडल्या होत्या, राखण्यासारखं शेतात काही नव्हतं. तरी दिवस मावळताना मामाजी पेटीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हळूच हात हलवला. पेटी रागावली. "आलो वं माय," लेकीला म्हणावं तसं ते म्हणाले, आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले.