टाच टेकली पायजे

तयार झालेला जॉब, म्हणजे वेल्डिंग होऊन आलेला सुटा भाग, ती आधी लोखंडी पाट्यावर उभा करायची आणि त्याच्या डोक्यावर एका बोटाने टिचकी मारायची. जरासा डुगडुगला तरी तो बाजूला जायचा. वेल्डर कुरकुरला की ती त्याला हिंदीत सांगायची, "एड़ी टिकनी चाहिए," आणि माझ्याकडे वळून तेच मराठीत, "टाच टेकली पायजे, भाऊ." हिंदी मुलखातल्या हथखोजच्या त्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मी स्टोअर सांभाळायचो, ती तपासणी. त्यामुळे तिचं प्रत्येक म्हणणं मला दोनदा ऐकावं लागे.

तुम्ही तिला पाहिलं असतं तर आधी हसला असता. वरच्या फळीवरचं मापाचं गेज काढायला ती रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर उभी राहायची. कुणी मदतीला हात पुढे केला की भडकायची. लोक तिला पाठीमागे फुटपट्टी म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी ताई म्हणायचो, आणि खरं सांगायचं तर मीही तिला जरा टरकूनच असायचो.

तिचे यजमान मात्र चांगले उंचपुरे. नागपूरकडचे, रेल्वेत नोकरी केलेले. त्यांची मोटरसायकलही त्यांच्यासारखीच उंच. दोघे रस्त्याने चालले की मागची ही दिसायचीच नाही, नुसता पदर उडताना दिसायचा. मग भाऊजींच्या पायांतली ताकद जायला लागली. डॉक्टर म्हणाले, कंबरेखालचे स्नायू सुकत चाललेत, व्यायामाला रोज आणा म्हणजे जेवढं टिकेल तेवढं टिकेल. पहिले काही दिवस त्यांना ऑटोने नेलं. ऑटोवाला आणि शेजारी मिळून त्यांना उचलून आत घालत. एक दिवस घरी आल्यावर ते म्हणाले, "पोत्यासारखा भरून राहिले मले. माह्या गाडीवर नेशीन त येतो. नाई त नाई." आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं.

घरी बसून पाय आणखी वाळत चालले. तेव्हा ताई मोटरसायकल शिकली. गियर, क्लच सगळं आलं, अडचण एकच होती. थांबल्यावर तिच्या पायांची फक्त बोटं जमिनीला लागत. एकटीने पडलं तर उठता येतं. मागे पाय टेकू न शकणारा माणूस असताना गाडी कलली, तर तो माणूस सरळ रस्त्यावर. आणि व्यायामाला न्यायचा रस्ता ट्रकांनी भरलेल्या सुपेला चौकातून जाणारा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. स्कूटी घ्या, असं तर गेटवरचा वॉचमनही सांगून गेला. पण लहान चाकांची गाडी खड्ड्यात आदळते, ते भाऊजींच्या कंबरेला सोसणार नव्हतं, आणि अट तर त्यांच्याच गाडीची होती. जाड तळाचे बूट तिने घालून पाहिले. त्यात गियरच कळेना. शेवटी आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रीने जेवणाच्या सुट्टीत मागचे शॉकर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, काढून दुसऱ्या गाडीचे आखूड शॉकर बसवले आणि गाडी खाली आणली. ती चढून बसली. दोन्ही टाचा टेकल्या. अख्ख्या शेडने टाळ्या वाजवल्या. त्या दुपारी तिने एकही जॉब परत पाठवला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

रविवारी सकाळी मला घरी बोलावलं होतं. ओट्याला लागून गाडी बाजूच्या स्टँडवर उभी, इंजिन सुरू. भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्याच्या कडेला बसले होते. गाडी स्टँडवर असतानाच ते चढायचे, आयुष्यभराची सवय. ताई फाटक उघडायला वळली. भाऊजींनी हाताने उचलून एक पाय पलीकडे टाकला आणि अंग झोकलं.

गाडी पलीकडे कलायला लागली. एरवी ती स्टँडवर ओट्याकडे झुकून निवांत उभी असायची. आता मागून खाली आलेली, पण स्टँड मात्र आधीचाच, आखूड न केलेला. त्यामुळे ती जवळजवळ सरळ उभी होती आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी ओट्यावरून उडी मारली. पण माझ्याआधी ताई पोचली आणि तिने खांदा सीटखाली घातला. भाऊजींचं अख्खं वजन आणि गाडीचं वजन त्या एवढ्याशा बाईवर. तिची पिंढरी तापलेल्या सायलेन्सरला चिकटलेली मला दिसत होती. ती ओरडली नाही. "यायले धर, मले नको," नवऱ्याकडे मान करून एवढंच म्हणाली. मी भाऊजींना काखेत धरून ओट्यावर ओढलं तेव्हा कुठे तिने गाडी पडू दिली.

ताई पायावर पाणी ओतत होती.

"विकून टाक ते गाडी," भाऊजी भिंतीकडे पाहत म्हणाले. "अन् मले आता कुठंच नेऊ नको."

"गाडी कावून विकाची? चूक माही हाय. स्टँड नाई पाह्यला मी."

रोज दुसऱ्यांचे जॉब टिचकी मारून परत करणारी बाई हे बोलत होती. मला तिच्याकडे बघवेना.

भाऊजी दोन आठवडे तिच्याशी नीट बोलले नाहीत. व्यायाम बंदच होता. ती लंगडत कामावर यायची आणि जास्तच जॉब परत करायची. तिने मिस्त्रीला जुने शॉकर परत बसवायला लावले, म्हणजे गाडी स्टँडवर पूर्वीसारखी झुकून उभी राहील, आणि मला घेऊन सुपेल्याला सीटवाल्याकडे गेली. तिथे उभं राहून सीटचा फक्त पुढचा भाग कोरून घेतला, मांड्यांकडच्या बाजू निमुळत्या करून घेतल्या म्हणजे पाय सरळ खाली जातील. भाऊजींच्या कंबरेसाठी मागच्या फोमला तिने कुणाला हात लावू दिला नाही. सीट बसवल्यावर चढून पाहिलं. पुष्कळ फरक पडला होता, पण टाचा अजून अधांतरीच होत्या, करंगळीच्या जाडीएवढ्या वर. आणखी कोरलं तर खालचा पत्रा लागेल, सीटवाला म्हणाला. तिने खाली उतरून पैसे चुकते केले आणि गाडी घरी आणली. मी मागून माझ्या स्कूटरवर होतो. आता ती गाडी विकणार, असंच मला वाटत होतं.

भाऊजी ओट्यावर होते. तिचं तोंड पाहून त्यांना कळलं असावं. कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले. "लाव इकडे. मी बसून पाह्यतो."

तिने या वेळी गाडी स्टँडवर लावली, टिचकी मारावी तशी हाताने दोनदा हलवून पाहिली, आणि पलीकडच्या बाजूला मला उभं केलं. भाऊजी बसले. मग ती पुढे चढली आणि तिने गाडी स्टँडवरून सरळ केली. त्यांच्या वजनाने मागची स्प्रिंग दबली, गाडी जराशी बसली. ती खाली आपल्या पायांकडे बघतच राहिली. दोन्ही टाचा फरशीवर होत्या.

"मी बसलो का टेकते न तुही टाच?" भाऊजी म्हणाले. "मंग झालं."

दुसऱ्याच दिवशी ते व्यायामाला निघाले. मी मागे. सुपेला चौकात नेमका तिच्या तोंडावर दिवा लाल झाला. मागून सिमेंटचा ट्रक घरघरत आला आणि त्यांच्या अगदी पाठीशी थांबला. रस्ता तिथे कडेला उतरता आहे. गाडी किंचित कलली. भाऊजींचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर आवळलेले. मी तिच्या चपलांकडे पाहत होतो. डावा पाय घट्ट बसला, मग उजवा. गाडी हलली नाही. दिवा हिरवा होईपर्यंत ती पुढेच बघत होती. भाऊजींनी मात्र मागे वळून मला पाहिलं आणि एक हात सोडून वर केला, पूर्वी ड्युटीवर जाताना करायचे तसा.

चार वर्षं ती त्यांना तसं नेत राहिली. पाय काही परत आले नाहीत. पण भाऊजी रोज दाढी करायचे. गेल्या थंडीत ते गेले.

महिन्याभराने ती कामावर आली, त्याच गाडीवर. फाटकाशी बोटांवर तोल सांभाळत उतरताना तिला मिस्त्रीने पाहिलं. भला माणूस आहे. म्हणाला, सीट आणखी खाली घेण्याचा काहीतरी मार्ग काढतो, स्टँडही या वेळी आधीच कापतो. तिने नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा ती माझ्याकडे वळून मराठीतच बोलली, या वेळी ते हिंदीत त्याला स्वतः सांगणं तिला नको असावं.

"सांग त्याले, गाडी तुह्या भाऊजीच्या वजनाची हाय. राहू दे तशीच."

परवा सुपेल्याला ती माझ्यापुढे होती. दिवा लाल होता, बाजूला ट्रक होता. मागच्या सीटवर काही नव्हतं, डबाही तिने पुढे टाकीवर ठेवला होता. मी शेजारी जाऊन थांबलो तरी तिचं लक्ष नव्हतं. हिरवा होईपर्यंत ती दोन्ही पायांच्या बोटांवर उभी होती आणि टाचा वर होत्या.