पेडलवर पाय माझाच होता

“बोलत काही नाही, पण नजर हटत नाही हो हिची,” मिस्त्री शेजारच्या पंक्चरवाल्याला म्हणाले. हळूच म्हणाले, पण मला ऐकू येऊ नये इतकं हळू नाही.

मी चार पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. फोनमध्ये डोकं घातल्यासारखं केलं. फोनमध्ये बाबांनी सांगितलेली यादी होती. मागचे ब्रेक लायनर नवीन. व्हील सिलिंडरची रबरं नवीन. ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे. आणि सगळ्यात खाली — जुना माल धुऊन, मोजून, पिशवीत घालून घरी आणणे.

अतर्क्य अनुभवांच्या ह्या ग्रुपवर मी दोन वर्षं फक्त वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे कुठे चुकलं तर समजून घ्या. खरं सांगायचं तर तुमचे अनुभव वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न हाच यायचा, की हा माणूस काय लपवतोय? मी खराडीला एका कंपनीत टेस्टिंग करते. एखादी गोष्ट का बिघडली ते शोधणं हेच माझं काम. “कारण सापडलं नाही” असं लिहिलेला रिपोर्ट आमच्याकडे कोणी घेत नाही. म्हणून हे लिहायला मला इतके महिने लागले.

आमची नर्सरी लोणी काळभोरच्या थोडी पुढे आहे. तिथली पिकअप माझ्या दहावीच्या वर्षी घेतलेली, तेव्हाही ती सेकंडहँडच होती. मागे एकदा एका गॅरेजवाल्याने जुनेच लायनर पॉलिशपेपरने घासून परत बसवले आणि नवीन म्हणून सांगितले. तेव्हापासून ब्रेकचं काम असलं की बाबा स्वतः गाडीजवळ उभे राहतात आणि जुना माल मागून घेतात. पण ह्या वेळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि गाडी तर लगेच हवी होती… दुसऱ्या दिवशी पहाटे नानाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, सासवडहून सीताफळाची कलमं भरून आणणार होते. म्हणजे भरलेली गाडी घेऊन दिवे घाट उतरायचा. शनिवार होता, मला सुट्टी होती, म्हणून मला बसवलं.

हे गॅरेज नवीन होतं, खराडीहून मुंढव्याकडे जाताना नदीवरच्या पुलाच्या अलीकडे. मिस्त्री पन्नाशीचे, एकटेच काम करणारे. त्यांना काय हाक मारायची हे मला कळत नव्हतं. काका म्हणावं तर ओळख नाही, मिस्त्री म्हणावं तर मला ते उद्धट वाटायचं. म्हणून मी काहीच म्हणत नव्हते.

“ताई, आरामात बसा,” ते म्हणाले. “फक्त मागे रेलू नका. त्या खुर्चीचापण ब्रेक गेलाय.”

मी हसले नाही. नंतर वाटलं हसायला हवं होतं.

मागच्या चाकांचे ड्रम उघडले, लायनर निघाले. मी फोटो काढले. मग मी उठून पहिल्यांदा बोलले — “जुने पार्ट… धुऊन द्याल का? रबरंसुद्धा. बाबांनी सांगितलंय.”

“रबरंसुद्धा!” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “लोणचं घालणार आहात का?”

पण दिले धुऊन. त्यांच्यासमोर ब्रेक ऑइलची एक स्टीलची ताटली होती, त्यात नवीन रबरं भिजत ठेवली होती. त्यातच जुनी टाकून पुसून काढली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी मोजलं. संख्या बरोबर भरली.

दोनच्या सुमारास सगळं बसवून झालं आणि पाइपातली हवा काढायचं काम उरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्याला दोन माणसं लागतात. एकाने केबिनमध्ये बसून ब्रेक तीनदा दाबायचा आणि तसाच दाबून धरायचा. धरला की ओरडून सांगायचं. मग चाकाजवळचा माणूस एक छोटा स्क्रू सैल करतो, हवा फसफसत बाहेर येते, तो स्क्रू आवळतो आणि “सोडा” म्हणतो. सांगण्यात गडबड झाली तर हवा उलट आत जाते. एरवी मिस्त्री पंक्चरवाल्याला बसवायचे, पण तो जेवायला घरी गेला होता.

“बसा आत,” मिस्त्री म्हणाले. “पाय आहे ना? तेवढंच लागतं. पाय आणि तोंड.”

मी बसले. ते मागच्या डाव्या चाकापाशी आडवे झाले. मी ब्रेक दाबला, धरला आणि म्हणाले, “धरलंय.”

“मोठ्यानं!”

पलीकडे फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथे ग्रिलवर कटर चालू होता. मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मीटिंगमध्येही माझं असंच होतं — लोकांना वाटतं मी म्यूटवर आहे. मी पुन्हा दाबला, धरला, आणि ह्या वेळी काही बोललेच नाही. आता ओरडणार, असं वाटत असतानाच खालून आवाज आला, “सोडा!” अगदी वेळेवर. मला वाटलं, ह्यांना हाताला कळत असणार. बरं झालं. त्यानंतर मी तोंड उघडलंच नाही. चारही चाकं झाली. शेवटी त्यांनी मागचं डावं पुन्हा एकदा घेतलं. तिथे मात्र थांबले, काहीतरी आवळलं, परत दाबायला लावलं. पेडल दगडासारखं घट्ट होतं.

ते हात पुसत केबिनपाशी आले. कटर बंद झाला होता.

“आवाज खणखणीत आहे की तुमचा. मला वाटलं होतं, लिहून द्यावं लागणार. पण शेवटी कशाला घाबरवलंत?”

मी पेडलवरचा पाय काढला.

“दर वेळी ‘धरलंय मिस्त्री, धरलंय मिस्त्री’ नीट सांगत होतात. आणि शेवटच्याला म्हणे ‘हे धरत नाहीये.’ मी सगळं परत पाहिलं. एक थेंब गळत नाही. पायाला घट्ट लागत होतं ना?”

मी मान हलवली. घट्ट लागत होतं.

“मग?” असं म्हणून ते हात धुवायला गेले.

मी केबिनमध्येच बसून राहिले. पहिला विचार भीतीचा नव्हता, संशयाचा होता. हा माणूस माझी चेष्टा करतोय. दुसरा विचार त्याहून वाईट — उद्या ब्रेक गेला तर ह्याला म्हणता येईल, की तुमच्या मुलीनेच सांगितलं होतं धरत नाहीये, तरी गाडी नेलीत. असं आधीच बोलून ठेवणारी माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत. फोन पाहिला. पर्समध्ये, सायलेंटवर, एकही कॉल नाही. केबिनच्या दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं, मागे हौदात कोणी नव्हतं. रेडिओ तर आमच्या गाडीला कधी नव्हताच.

तेवढ्यात नानाकाका आले. “झालं का गं? चल उतर, उशीर झालाय. दोन गिऱ्हाईकं बसवून आलोय नर्सरीत.” त्यांनी पेडल दाबून पाहिलं. “आयला, नव्या गाडीसारखं हाय. मिस्त्री, हात चांगला हाय तुमचा.”

मी पिशवी घेऊन बाजूला उभी राहिले.

पुढे काय सापडलं ते आधीच सांगून टाकते, कारण कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम पुन्हा उघडला. सिलिंडरच्या कडेला ओल होती. बाहेर थेंबही नाही, पण आत ऑइल झिरपून नवा लायनर भिजायला लागला होता. सिलिंडरमध्ये ऑइल अडवणारी दोन रबरं असतात. एक नवं होतं, एक जुनं, झिजलेलं. आणि जे नवं तिथे असायला हवं होतं ते माझ्या पिशवीत निघालं. एकाच ताटलीत, एकाच रंगाची, धुतल्यावर सारखी दिसणारी… मी मोजली होती, ओळखली नव्हती. जुनी रबरं त्या ताटलीत गेली ती माझ्या सांगण्यावरून. ज्या फसवणुकीला घाबरून बाबांनी मला तिथे बसवलं होतं, ती कोणी केलीच नव्हती. मिस्त्री बराच वेळ ते रबर बोटांत फिरवत राहिले. “भरल्या गाडीनं घाटात सारखा ब्रेक दाबला असता तर…” एवढंच म्हणाले आणि त्यांनी चारही चाकं पुन्हा तपासली.

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. मिस्त्रींना आपली चूक माहीत असती तर त्यांनी आवाजाची गोष्ट कशाला रचली असती? भास म्हणावा, तर भासाला नेमकं तेच चाक कसं कळलं? मी नकळत बोलले असेन, असं बाबा म्हणतात. पण माझ्या पायाला पेडल घट्ट लागत होतं. धरत नाहीये असं मी का म्हणेन? नंतर एकदा त्याच गॅरेजात, कटर चालू असताना, नानाकाकांना खाली झोपवून मी केबिनमधून पूर्ण जोर लावून ओरडून पाहिलं. त्यांना काहीही ऐकू आलं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये कारणाची जागा रिकामीच आहे.

पण ते चाक उघडलं गेलं, ते आवाजामुळे नाही. त्या आवाजाचं म्हणणं कोणी मानलंच नव्हतं. मिस्त्रींनी पान्हे आत नेऊन ठेवले होते. नानाकाकांनी गाडी चालू करून रिव्हर्स टाकला होता आणि मला हाताने बाजूला हो म्हणत होते. हसतील, बाबांना फोन करतील, पोरगी घाबरट आहे म्हणतील, हे सगळं मला दिसत होतं. तरी मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. काका खिडकीतून ओरडले, “अगं, सरक की!” मिस्त्री बाहेर आले. दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि माझा आवाज ऐकू जाईल इतका मोठा होता —

“काका, गाडी बंद करा. मघाशी आतून जे कोणी बोललं, ते मी नव्हते.”