ऐबाची चिठ्ठी

अफझलगंजच्या त्या दुकानात जुने फ्रिज दारं उघडी टाकून ओळीने उभे असत, डॉक्टरला जीभ दाखवायला थांबलेल्या म्हाताऱ्यांसारखे... आणि आत शिरलं की ओलं रबर, वाळलेलं लिंबू आणि ताजा पांढरा रंग यांचा मिळून एक वास येई, जो रविवारी काचीगुड्याला घरी परतल्यावरही माझ्या फ्रॉकला चिकटून असे. देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता खुला झाला होता. लोक दोन दारांचे नवे फ्रिज घेत आणि जुने काढून टाकत. तेच दुरुस्त करून विकायचा धंदा माझ्या काकाने, सरकारी नोकरी सोडून, यूसुफसाबांच्या भागीदारीत काढला होता. हात यूसुफसाबांचे, तोंड काकाचं.

यूसुफसाब प्रत्येक फ्रिजला एक चिठ्ठी बांधत. तिच्यावर त्याचा ऐब, म्हणजे खोट, लिहिलेला असे. गिऱ्हाइकांना आता इंग्रजीची हौस, म्हणून ते काम इंग्रजी शाळेतल्या माझ्याकडे आलं. मी नऊ वर्षांची, घरीदारी न बोलणारी. पण ‘बर्फ उशिरा जमतो’, ‘खालचा पत्रा गंजलेला’ असं वळणदार इंग्रजीत लिहिताना पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर विसंबून आहे असं वाटे.

काकाला याचं हसू येई. “सूद हराम, लॉटरी हराम, हाथ में नै आया सो माल बेचना हराम... अब चुप बैठना भी हराम क्या, यूसुफसाब?”

“हौ साब,” ते पान्यावरची नजर न काढता म्हणत, “ऐब मालूम रैके चुप बैठे तो हरामइच है.”

काका माझ्याकडे बघून डोळा मारी. त्या डोळा मारण्याची मला अजून किळस येते. स्वतःला बिझनेसमन म्हणवणाऱ्या त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक स्क्रू फिरवला नव्हता.

एका रविवारी हिमायतनगरच्या बाई येताना दिसल्या, तशी त्याने फ्रिजवरची ‘गॅस गळतो’ ही माझी चिठ्ठी तोडून खिशात कोंबली. मी पाहिलं. पुढच्या रविवारी बाई तणतणत आल्या.

“चिट्ठी नै थी क्या?” यूसुफसाबांनी विचारलं.

“बच्ची है, भूल गई हुंगी,” काका म्हणाला — किती सहज! — आणि त्याचा जड, सुगंधी पावडर लावलेला हात माझ्या खांद्यावर आला.

यूसुफसाब माझ्यासमोर उकिडवे बसले. “बेटा, लिखे थे ना आप?”

मी फरशीकडे बघत राहिले.

त्यांनी बाईंची माफी मागितली, पैसे परत दिले, फ्रिज परत आणवला. काका आज समारंभांत तरुणांना उद्योगाचे धडे देतो. लोक टाळ्या वाजवतात, मीही मांडीवर हात ठेवून बसते, ओठ मिटून.

तो फ्रिज परत आल्यानंतरच्या रविवारी यूसुफसाबांनी मला नेहमीसारखं स्टूल दिलं, बशीत उस्मानिया बिस्किटं दिली, शाळेचं विचारलं... लिहायला मात्र काही दिलं नाही.